उन्हाळ्यासाठी कडबा की मुरघास?

दारात दोन-चार जनावरं असतील तर मी कडबाच, म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटंच, साठवेन. मुरघासाचं, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचं, मोल कमी नाही: मका चिकात (दाणे दुधाळ) असताना कापायचा, कुट्टी (बारीक तुकडे) करून पिशवीत हवा राहणार नाही इतकी दाबायची; साधारण 45 दिवसांत आंबूस वासाचा चारा तयार. दुभत्या गाई तो आवडीने खातात, प्रथिनंही कडब्यापेक्षा जास्त. पण किलोचा भाव विचारताना लक्षात ठेवा, त्यात 65 ते 70 टक्के पाणी असतं, वाळल्या कडब्यात जेमतेम 10. एक किलो कडब्याच्या जागी अडीच-तीन किलो मुरघास लागतो. शिवाय पिशवी उघडली की रोज काढावाच लागतो, नाहीतर बुरशी धरते. थोड्या जनावरांच्या घरी तेवढा रोज संपत नाही, हेच नडतं.

मालदांडी ज्वारीचा कडबा धान्यासोबतच येतो, रब्बीत जमिनीतल्या ओलीवरच वाढतो. विहिरीचं उरलंसुरलं पाणी मग भेंडी-गवारीच्या वाफ्याला देता येतं. कडब्याची रचलेली गंज मात्र वळवाच्या आधी झाकायलाच हवी, आणि कुट्टी करूनच घाला. अख्ख्या पेंढीतली बरीच धाटं पायाखाली जातात.

दहा-बारा गाई असत्या तर मी मुरघासच भरला असता.