रशियन घरात राहून रशियन शिकण्याचं पॅकेज: पैसे कशाचे, फसगत कुठे

तारकर्ली-देवबागच्या होमस्टेत यजमानाने तुमच्याशी गप्पा मारल्या नाहीत तरी काही बिघडत नाही. सोलकढी फक्कड जमली आणि सुरमई ताजी असली की पैसे वसूल. रशियन शिकण्यासाठी परदेशी कुटुंबात राहण्याचं जे पॅकेज मिळतं, त्याचा हिशोब नेमका उलटा आहे. खोली चिंचोळी असली तरी चालेल, जेवण अळणी असलं तरी चालेल. संध्याकाळी घरात बोलायला रिकामं माणूस नसेल तर मात्र सगळा खर्च पाण्यात.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची बरीच मुलं मोरजी-हरमलला हॉटेलांत आणि शॅकवर काम करतात. तिथे रशियन गिऱ्हाईक पुष्कळ, त्यामुळे भाव सांगण्यापुरती भाषा तशीही कानावर पडते. त्यापुढे जाऊन गाइड किंवा दुभाषा व्हायचं असेल, तर या पॅकेजचा विचार करायला हरकत नाही.

साधारण साचा असा असतो: आठवड्याला २० तासिका, प्रत्येक तासिका ४५ मिनिटांची, स्वतंत्र खोली, सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि आठवड्यातून एकदा कपडे धुणं. विमानतळावरून आणण्याचे पैसे बहुतेक वेळा वेगळे. दुपारचं जेवण आपलं आपण. शाळेजवळ ‘स्तालोवाया’ म्हणजे साधी खानावळ असेल तर स्वस्तात भागतं. चार आठवड्यांपेक्षा कमी मुदतीचं पॅकेज घेऊ नये, कारण पहिला आठवडा कान सरावण्यातच जातो.

कोरी पाटी घेऊन जाणाऱ्याला आमचा स्पष्ट सल्ला: थांबा. टोर्फल या रशियन भाषेच्या अधिकृत परीक्षेच्या ए-१ म्हणजे प्राथमिक पातळीला सुमारे ७८० शब्द लागतात, त्यापुढच्या बी-१ला २३००. पहिले ७८० घरी बसून पाठ होतात, त्यासाठी परदेशी भाडं भरायचं कारण नाही. मुंबईत पेडर रोडचं रशियन हाऊस आणि कालिन्याचा विद्यापीठ विभाग, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, इथे रशियन शिकवतात. रत्नागिरी-कुडाळहून रोज जाणं शक्य नाही, तेव्हा ऑनलाइन शिकवणी घ्या, पण ३३ अक्षरं हाताने लिहायला शिकाच. यजमानीणबाई फ्रिजवर चिठ्ठी लावून जातात आणि ती छापील अक्षरांत नसते. मराठी माणसाला तीन लिंगं आणि विभक्ती नव्या नाहीत, रशियनला लागणारा ‘चमचा’तला च तोंडात तयार आहे. अडतं ते क्रियापदांशी. ‘जातो’ म्हटलं की आपलं भागतं. तिथे पायी निघालात तर ‘इदू’, बसने निघालात तर ‘येदू’. दाराशी बूट चढवताना रोज ‘कुठे?’ असा प्रश्न येतोच, आणि वर्गात चार वेळा घोकूनही न बसलेला हा फरक त्या उंबऱ्यावर आठवड्याभरात बसतो. या पॅकेजची खरी किंमत ती.

म्हणून पैसे भरण्याआधी एजन्सीला फोटो मागू नका, माणसं विचारा. घरात कोण कोण आहे, संध्याकाळी सहानंतर कोण असतं, त्याच वेळी दुसरा परदेशी विद्यार्थी ठेवणार आहेत का. निवृत्त बाई एकट्या राहत असतील तर उत्तम. नोकरी करणारं जोडपं आणि दोन लहान मुलं असा संसार फोटोत छान दिसतो. प्रत्यक्षात रात्री आठला सगळे दमलेले असतात आणि टीव्ही बोलत असतो. दुसरा विद्यार्थी असला तर दोघं इंग्रजीवर घसरणार, हे ठरलेलं. अंतर विचारताना ‘मेट्रोजवळ’ या उत्तरावर समाधान मानू नका, दारापासून वर्गापर्यंत चालण्यासकट किती मिनिटं ते लिहून घ्या. मजला आणि लिफ्टही विचारा: सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह याच्या काळातल्या पाच मजली इमारतींना लिफ्ट नसते, आणि स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचं.

आता न्हाणीघर. कोकणातल्या माणसाची सगळ्यात महाग चूक इथे होते. रशियन फ्लॅटच्या बाथरूमला मोरी नसते. जमिनीला पाणी जायला वाटच नाही. पाणी जातं ते फक्त टबमधून आणि बेसिनमधून. बादली-तांब्या घेऊन खाली बसून अंघोळ केलीत, किंवा पडदा टबच्या आत न सोडता शॉवर लावलात, तर पाणी फरशीखालून झिरपून खालच्या घराच्या छताला लागतं. मग शेजारी वर येतात आणि रंगकामाची भरपाई यजमानीणबाईंना द्यावी लागते. टबात उभं राहायचं, पडद्याची कड आत, शेवटी फरशी कोरडी पुसायची. संडासात जेट नसतो, एक छोटी बाटली सोबत असू द्या. उन्हाळ्यात जाणार असाल तर आणखी एक प्रश्न: घरात गीझर आहे का? रशियात गरम पाणी शहराच्या पाइपलाइनमधून येतं आणि दुरुस्तीसाठी दर उन्हाळ्यात ते १४ दिवसांपर्यंत बंद ठेवतात. यजमान ही गोष्ट आपण होऊन सांगत नाहीत, त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

थंडीची भीती उगाच. पारा उणे पंधरावर असला तरी घरात २२-२३ अंश असतात, तिथे सुती सदरा पुरतो. जाड जॅकेट आणि न घसरणारे बूट मुंबईत घेऊ नका, तिथे जाऊन घ्या. घरात सपाता सक्तीच्या. अनवाणी फिरलात की थंडी बाधेल म्हणून ओरडा बसतो. वाऱ्याच्या झोताची धास्ती तर आपल्या आजीच्या वरची.

जेवणात सकाळी लापशी किंवा ग्रेच्का (बकव्हीट), रात्री सूप, बटाटा, कटलेट, आणि सगळ्यावर शेपू. तिखट शून्य. ‘शाकाहारी आहे’ एवढंच सांगितलं तर मांस काढून त्याच रश्शाचं सूप पुढे येऊ शकतं. काय खात नाही ते पदार्थाचं नाव घेऊन सांगा: मांस नाही, कोंबडी नाही, मांसाचा रस्सा नाही. मासे खाणाऱ्यांची सोय बरी. ‘स्कुंब्रिया’ हा बांगड्याचा भाऊबंदच, पण तो बहुधा नुसता खारवलेला किंवा धुरावलेला, न शिजवता पानात येतो. पहिला घास जपून. भात आखूड, चिकट तांदळाचा. फोडणी द्यायची हुक्की आली तर आधी विचारा, कारण मोहरी-हिंगाचा वास त्या टीचभर स्वयंपाकघरातून पडद्यांत जाऊन बसतो. भेट न्यायची तर वेंगुर्ल्याचे काजू न्या. फुलं न्यायची तर विषम संख्येत, सम संख्येची फुलं मयताला.

जेवणाच्या टेबलाचा फायदा आपोआप मिळत नाही. ‘शाळा कशी झाली?’ याला ‘छान’ म्हटलंत की संभाषण संपलं. वर्गातली किंवा बसमधली एक घटना पाच वाक्यांत तयार करून टेबलावर बसा, आणि आज फक्त भूतकाळातली क्रियापदं सुधारा अशी विनंती करा. सगळ्याच चुका सुधारायला सांगितल्या तर बाई दोन दिवसांत कंटाळतात. व्याकरणाचं ‘का’ त्यांना विचारू नका, ते शिक्षकाचं काम.

कागदपत्रांत ढिलाई नको. रशियाच्या ई-व्हिसाच्या हेतूंमध्ये शिक्षण येत नाही. संस्थेच्या निमंत्रणावरचा विद्यार्थी व्हिसा काढा. तीन महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाला एचआयव्ही चाचणीचा दाखला लागतो. पोचल्यावर ७ कामकाजाच्या दिवसांत मुक्कामाच्या पत्त्यावर नोंदणी झाली पाहिजे आणि ती करायची जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची. काही घरमालक टाळाटाळ करतात, म्हणून ‘नोंदणी कोण करणार’ हे आधीच लेखी घ्या आणि पावती जपून ठेवा. २०२२पासून परदेशात काढलेली व्हिसा-मास्टरकार्ड कंपन्यांची बँक कार्डं तिथे चालत नाहीत, तेव्हा न चुरगळलेले डॉलर न्या. मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद असतं. शब्दकोश आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. आणि शिकायला म्हणून नेऊन कुणी सैन्यातल्या ‘मदतनीस’ नोकरीचा करार पुढे केला तर सही करू नका; परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल जाहीर इशारे दिलेले आहेत.

हा सगळा व्याप नको असेल तर किर्गिझस्तानातलं बिश्केक हा खरा पर्याय. तिथे रशियन अधिकृत भाषा आहे, कार्ड चालतं, खर्च कमी. मात्र दोन गोष्टी सांभाळा. घरातली मंडळी आपापसात किर्गिझ बोलत असतील तर टेबलाचा उपयोग संपला, तेव्हा रशियन बोलणारंच कुटुंब मागा. आणि तिथल्या मेडिकल कॉलेजांत भारतीय मुलं एवढी आहेत की ठरवलं तर महिनाभर हिंदीवर निघतो.

आमचं मत विचाराल तर ए-१ पार केलेल्याला, चार ते आठ आठवड्यांसाठी, सकाळ-संध्याकाळच्या जेवणासकट: जरूर घ्या. नवशिक्याला: नको. घर जुळत नसेल तर पहिल्याच आठवड्यात एजन्सीला लेखी कळवा. घर बदलून देण्याची मुदत करारात बहुधा लहान असते, आणि ‘बघू अजून चार दिवस’ म्हणताना ती निघून जाते.