ब्रेड मशीन की ओटीजी? आधी ठरवा, कंटाळा कशाचा आहे

ब्रेड मशीन घेऊ का, असं कुणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारते. घरात ओटीजी (ओट्यावरची छोटी विजेची भट्टी) आहे का? आणि कंटाळा मळण्याचा आहे की भाजण्याचा? विचारणारा जरा वैतागतो, पण निर्णय खरं तर तिथेच होतो. माझ्या ओट्यावर गेली सहा वर्षं दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी नांदताहेत, आणि आठवड्याला एखाददुसरा ब्रेड, कधी लादी पाव असं चालू असतं. त्यामुळे खाली आहे ते माहितीपत्रकावरचं नाही, रोजच्या वापरातलं आहे.

मशीन म्हणजे काय, तर एक खोल डबा, त्याच्या तळाशी फिरणारं पातं, भोवती हीटर आणि वर एक घड्याळ. पाणी, पीठ, मीठ, साखर, तेल, यीस्ट घाला आणि बटण दाबा. साडेतीन-चार तासांनी ब्रेड तयार. ओटीजी यातलं फक्त शेवटचं, भाजण्याचं काम करतो. बाकी सगळं तुमचे हात, परात आणि घड्याळाकडे लक्ष.

मळणं: इथे मशीन सरळ जिंकतं

१९८५ च्या सुमारास जपानमध्ये मात्सुशिता कंपनी (आजची पॅनासॉनिक) घरगुती ब्रेड मशीन बनवत होती आणि अडली होती. वरचा भाग करपायचा, आत कच्चं राहायचं. इकुको तानाका नावाच्या त्यांच्या सॉफ्टवेअर तज्ज्ञ ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तो पीठ नुसतं मळत नव्हता, ओढून पिळत होता. ते पाहून डब्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा दिल्या गेल्या आणि गाडी मार्गी लागली. आपल्याकडे कणीक तिंबताना तळहाताने रेटून पुन्हा दुमडतात, तीच ही गोष्ट. म्हणून मशीन बघायला गेलात तर आधी डब्यात हात घालून बघा. आत कड आहे का, पातं ठणठणीत बसतंय का.

ब्रेडचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट असतं. हाताने ते नीट व्हायला दहा-बारा मिनिटं लागतात. बोटांत ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे. पहिल्या महिन्यात हौस असते. तिसऱ्या महिन्यात मनगट बोलायला लागतं. मशीन ते काम वीस-पंचवीस मिनिटांत, थांबत थांबत, कुरकुर न करता करतं. म्हणजे कुरकुर आवाज येतो, आणि ओट्यावर थोडं सरकतंही, तेव्हा अगदी काठाला ठेवू नका.

आपल्याकडे केंटसारख्या कंपन्या हेच यंत्र ‘आटा अँड ब्रेड मेकर’ म्हणून विकतात. पोळ्यांची कणीक त्यात होते, चांगलीही होते. पण आठ-दहा पोळ्यांसाठी डबा काढा, पातं धुवा, तळाच्या दांड्याभोवती चिकटलेली कणीक खरवडा, एवढ्यात परातीत दोनदा मळून होते. रोज पंचवीस-तीस पोळ्या होणारं घर असेल किंवा हात दुखत असतील तर गोष्ट वेगळी. फक्त कणकेसाठी घेत असाल तर फूड प्रोसेसर स्वस्त आणि झटपट.

पीठ: इथे दोघंही सारखेच हरतात

नवीन मशीनचा पहिला ब्रेड विटेसारखा होतो आणि बिचाऱ्या मशीनला शिव्या बसतात. दोष बहुतेक वेळा पिठाचा असतो. बऱ्याच पुस्तिकांमधल्या कृती परदेशी ‘ब्रेड फ्लावर’ (ब्रेडसाठीचा जास्त प्रथिनांचा मैदा) धरून लिहिलेल्या असतात. आपली कणीक, म्हणजे गव्हाचं पीठ, जात्यासारख्या चक्कीवर दळलेली. त्यात दळताना स्टार्च जास्त फुटतो, त्यामुळे ती पाणी खूप पिते. शिवाय तिच्यातला कोंडा ग्लुटेनच्या (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाच्या) जाळ्याला भोकं पाडतो. पोळीला हे उत्तम, ब्रेडला अडचणीचं.

मला जमलेलं प्रमाण असं: ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम कणीक, ३०० मिली पाणी, दोन मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा साखर, ८ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. साधारण ७०० ग्रॅमचा ब्रेड होतो. पूर्ण कणकेचा हवा असेल तर पाणी ३४० मिलीपर्यंत न्या, दोन चमचे ग्लुटेन पावडर घाला आणि गव्हाच्या ब्रेडचा लांबचा कार्यक्रम लावा. तरीही तो दुकानासारखा कापूस होणार नाही. वाटी-चमच्याने मोजू नका. पाचशे रुपयांचा वजनकाटा घ्या, कोणत्याही महागड्या मॉडेलपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

घालायचा क्रम मात्र मशीनप्रमाणे बदलतो. बहुतेकांत आधी पाणी, मग पीठ, सगळ्यात वर यीस्ट. पॅनासॉनिकच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये उलटं, यीस्ट तळाशी आणि पाणी शेवटी. ही एक गोष्ट तरी पुस्तिकेत वाचाच.

आणि ‘झाकण उघडायचं नाही’ हा गैरसमज सोडा. मळणं सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला उघडून बघायचंच. मऊ, किंचित चिकट, डब्याच्या कडा सोडणारा गोळा हवा. तळाला चिखल दिसला तर एक चमचा पीठ, गोळा खडबडीत फिरत असेल तर एक चमचा पाणी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पीठच ओलसर असतं, तेव्हा दहा-पंधरा मिली पाणी कमी धरा. हाताने मळणाऱ्याला हे बोटांना कळतं. मशीनवाल्याला डोळ्यांनी शिकावं लागतं.

हवा, वेळ आणि वीज

डिसेंबरात नाशिकला पीठ फुगायला तीन तासही कमी पडतात. मशीन स्वतः डबा कोमट ठेवतं, त्यामुळे तिथे ते निर्धास्त. ओटीजीवाल्यांनी बंद ओटीजीत गरम पाण्याची वाटी ठेवून शेजारी पीठ ठेवावं, तेही चालतं. मे महिन्यात विदर्भात चित्र उलटं. बंद झाकण, पात्याचं घर्षण, बाहेर चव्वेचाळीस अंश, त्यात पीठ वेळेआधी फुगतं आणि भाजताना मध्यभागी खड्डा पडतो. मशीन वेळापत्रकाने चालतं, पिठाकडे बघत नाही. उपाय साधा: फ्रीजचं गार पाणी आणि पाव चमचा कमी यीस्ट.

टायमर ही मशीनची खरी ऐट. रात्री सगळं भरून ठेवा, सकाळी सातला घरभर वास. हे ओटीजीकडून होणार नाही. पण टायमरच्या ब्रेडमध्ये दूध, ताक, अंडं नको. रात्रभर बाहेर राहून नासतं. आणि यीस्ट पाण्याला लागू देऊ नका.

वीज गेली तर? काही मशीन्स दहा-एक मिनिटं कुठवर आलो ते लक्षात ठेवतात, काही लगेच विसरतात. विकत घेताना विचारण्यासारखा प्रश्न हाच, रंग नाही. आमच्याकडे पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, म्हणून गुरुवारी मी मशीन लावतच नाही. हाताने मळलेलं पीठ अशा वेळी सरळ फ्रीजमध्ये जातं आणि संध्याकाळी भाजता येतं.

विजेच्या बिलाची काळजी करू नका. मशीन ५०० ते ७०० वॅटचं, आणि हीटर मुख्यतः शेवटच्या तासभरात चालतो, म्हणजे ढोबळ मानाने अर्धा युनिट. १५०० वॅटचा ओटीजी तापवणं धरून पाऊण तास चालला तरी एक युनिटच्या आसपास. एवढ्यावर निर्णय नको.

रूप आणि कडा: इथे ओटीजी

मशीनचा ब्रेड उंच, चौकोनी, वरून जरा फिकट आणि खाली पात्याचं भोक असलेला. सँडविचला, टोस्टला उत्तम. लादी पाव, बन, गार्लिक ब्रेडची वेणी, फोकाचा (चपटा इटालियन ब्रेड) यांतलं काहीच त्या डब्यात होत नाही. त्यासाठी ओटीजीच हवा. आणि इराण्याकडचा कडक ब्रून पाव किंवा गोव्यात पोदेर (पाववाला) सायकलवरून आणतो तो कोंडा लावलेला पोळी पाव मनात धरून यंत्र घेत असाल तर थांबा. लाकडाच्या भट्टीची ती कड दोन्हींत येत नाही. माझे पुष्कळ प्रयत्न करून झाले.

म्हणूनच मशीनवरचं मला सगळ्यात प्रिय बटण ‘डो’चं. दीड तासात मळून, फुगवून देतं. मग त्याचे गोळे करून ताटात लावायचे, पुन्हा फुगू द्यायचे आणि ओटीजीत २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. रविवारी मिसळीबरोबरचा पाव आमच्याकडे असाच होतो. ओटीजी आधीच आहे आणि मळण्याचा कंटाळा आहे, अशा घराला मी डोळे झाकून मशीन घ्यायला सांगते. ज्याच्याकडे दोन्ही नाही आणि केक, नानकटाई, भाजलेल्या भाज्याही करायच्या आहेत, त्याने आधी ओटीजी घ्यावा. दोघांचंच घर, सकाळी धावपळ, फक्त साधा ब्रेड हवा, तर एकटं मशीन पुरतं.

पैसे वसूल होतील का, हाही प्रश्न येतो. नाही होणार. पीठ, तेल, यीस्ट, वीज मिळून घरचा ब्रेड दुकानाच्या ब्रेडच्या जवळपासच पडतो. कारण असेल तर आत काय आहे ते कळणं. ब्रेडच्या पिठात घालत त्या पोटॅशियम ब्रोमेट या घातक मानल्या जाणाऱ्या रसायनावर आपल्याकडे २०१६ मध्ये बंदी आली, ती भीती आता नको. पण ‘ब्राऊन ब्रेड’च्या पाकिटावर घटकांची यादी वाचा, बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचंच असतं आणि तपकिरी रंग कॅरामलचा.

घरच्या ब्रेडला टिकवणारं काही नसतं. दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी. फ्रीजमध्ये ठेवला तर लवकर शिळा आणि कडक होतो, त्यापेक्षा काप करून फ्रीझरमध्ये टाका. मशीनने शिट्टी दिली की लगेच डब्यातून काढा, नाहीतर वाफेने कडा ओल्या होतात. तासभर गार होऊ द्या, मगच कापा. पातं ब्रेडमध्येच अडकून येतं. एकदा मी ते सुरीने शोधलं आणि सुरीचे दात गेले. आता शेवटच्या फुगण्याआधी ओल्या हाताने पातं काढूनच घेते.

जुनं मिळत असेल तर

अमेरिकेहून परतलेले नातेवाईक झोजिरुशी या जपानी कंपनीचं मशीन देऊ करतात. दोन पात्यांचं, फार छान यंत्र. पण तिकडचं १२० व्होल्टचं असतं. जड ट्रान्सफॉर्मर, तोही एक हजार वॅटच्या वरचा, ओट्यावर कायमचा मुक्कामाला येईल, याची तयारी हवी.

इथलं वापरलेलं मशीन मात्र खुशाल बघा, कितीतरी घरांत ती माळ्यावर धूळ खात पडलेली असतात. माझ्या पहिल्या मशीनच्या डब्याचं सील तीन वर्षांत गेलं, पाणी खाली हीटरवर टपकायला लागलं, आणि दुरुस्तीवाल्याने डबा आता येत नाही असं सांगून हात वर केले. तेव्हापासून डबा आणि पातं सुटं मिळतं का, हे मी आधी विचारते. जुनं घेताना डब्याच्या तळाचा दांडा बोटाने फिरवून बघा, अडकता कामा नये. मग डब्यात पेलाभर पाणी ओतून तो रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायला सांगा. सकाळी कागद कोरडा असेल तर भावाचं बोलायला बसा.