वय काढायचं की नाही? बाल न्याय मंडळ आणि सेशन कोर्ट

पोरगा सतरा वर्षांचा, एफआयआरमध्ये वय एकोणीस, आणि वकील विचारतोय, "वय काढायचं का?" अशा पेचात सापडलेल्या आईबापांसाठी हे लिहितोय. वय काढणं म्हणजे पोरगा अठराच्या आतला आहे हा मुद्दा कोर्टापुढे मांडणं. तो पटला तर केस बाल न्याय मंडळाकडे जाते, नाहीतर मोठ्यांसारखी सेशन कोर्टात चालते. माझ्या पुतण्याच्या वेळी घरात मोठा म्हणून हा निर्णय मलाच घ्यावा लागला. यात्रेतली मारामारी, भारतीय न्याय संहितेचं कलम 109, म्हणजे जुनं 307, खुनाचा प्रयत्न. "केस फॅमिली कोर्टात घ्या" असं सांगणारं कोणीतरी तुम्हालाही भेटेल. ते मनावर घेऊ नका. ते कोर्ट घटस्फोट, पोटगी आणि मुलांच्या ताब्याचं. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी अल्पवयीनांचे गुन्हे तिथे चालतात, आपल्याकडे ते काम बाल न्याय मंडळाचं.

मला दोन्ही बाजू एकाच गुन्ह्यात बघायला मिळाल्या. पुतण्यासोबतच्या पोराला अठरा नुकतीच पूर्ण झालेली. लहानाची आणि मोठ्याची केस कायद्याने एकत्र चालवता येत नाही, त्यामुळे मारामारी एक आणि खटले दोन झाले.

सेशनची बाजू आधी सांगतो, कारण गावात तिचेच वकील जास्त. कोर्ट जवळ, वकील ओळखीचे, कारकून ओळखीचा. "आठेच जामीन भेटी, तठे कसाले जातस?" हे मी सोयऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलं की जवळजवळ पटलं होतं. मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी. बोरीकाठच्या आमच्या गावातून निघायचं म्हणजे भावाचा आणि वहिनीचा दोघांचा रोज बुडतो. मंडळ ठरावीक वारीच बसतं, आणि कधी सदस्य नाहीत म्हणून पुढची तारीख घेऊन परत यायचं. वर परिवीक्षा अधिकारी घरी चौकशीला येतात. पोरगा कोणासोबत फिरतो, शाळा का बुडवली, घरात दारू कोण पितं, सगळं विचारतात. आमच्याकडे तर पोराचं दप्तर बघायला मागितलं. समोरच्या ओट्यावरच्या बाया तोवर कान देऊन बसलेल्या.

इतकं असूनही मी वय काढायला लावलं, आणि त्याचं कारण तुम्हाला कदाचित किरकोळ वाटेल. पुकारा.

पहिल्या रिमांडला पोरगा तालुक्याच्या कोर्टात मोठ्यांबरोबरच उभा होता. ठाण्यात त्याने स्वतःच एकोणीस सांगितलं होतं. मिसरूड फुटलेली पोरं वय वाढवूनच सांगतात. व्हरांड्यात बेड्यांतले आरोपी, बांधाच्या भांडणातले शेतकरी, वाटणीच्या दाव्याला आलेले आमच्याच गावचे चौघे. शिपायाने दारात येऊन नाव, बापाचं नाव, आडनाव, एका दमात पुकारलं. चौघांनीही माना वळवल्या. वहिनीने पदर तोंडावर घेतला. आत जायला जागा नव्हती म्हणून पोरगा दाराशी थांबला, तर शिपायाने तेच नाव परत, आणखी मोठ्याने घेतलं. मोठ्या पोराच्या बाबतीत प्रत्येक तारखेला हेच चालतं. शिवाय व्हरांड्यात तो ज्यांच्या शेजारी बसतो, त्यांच्याशी आता त्याची चांगली घसट झाली आहे.

मंडळात एक टेबल, एक दंडाधिकारी, दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य. त्यांतली एक तरी बाई असतेच. पोलीस साध्या कपड्यांत. मुलाचं नाव छापायला आणि सांगायला कायद्याची बंदी आहे, आणि निदान आमच्या वेळी ती पाळली गेली. कागदावर तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. शब्द अवजड आहे, पण 'आरोपी'पेक्षा बरा.

जामिनाचं म्हणाल तर मंडळापुढे गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम आणि तो नाकारायला ठरावीक कारणं लागतात. आमचा पोरगा आधी घरी आला, मोठा बऱ्याच उशिराने. एका केसवरून नियम ठरवू नये, पण 'आठेच जामीन' वाले त्यानंतर गप्प झाले.

2024 मध्ये पुण्याच्या पोर्शे प्रकरणातल्या तीनशे शब्दांच्या निबंधाने मंडळाची पार चेष्टा झाली. राग मलाही आला होता. पण निबंध हा मंडळाचा रोजचा धंदा नाही. दोषी ठरलेल्या मुलाला तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवता येतं. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या घरच्यांना हे कमीच वाटणार, आणि त्यांच्या ओट्यावर बसून मला त्यांच्याशी वाद घालता येणार नाही.

तुमच्या पोराला सोळा पूर्ण असतील आणि गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा असेल, म्हणजे खून, बलात्कार, तर गणित बदलतं. तिथे मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं, म्हणजे पोराची मानसिक क्षमता आणि परिणामांची समज तपासतं, आणि ठरवलं तर केस बाल न्यायालयाकडे, म्हणजे फिरून सेशनकडेच जाते. पळून गेलेल्या जोडप्यांचं यात फार वाईट होतं. मुलगी सोळा-सतराची, मुलगा सतराचा, आणि पोक्सोचं कलम किमान दहा वर्षांचं. अशा वेळी मानसतज्ज्ञाचा अहवाल मागायला वकिलाला सांगा. मंडळावर तसा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, असं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलं आहे. नुसत्या 109 ला मात्र ही भीती नाही. त्यात किमान शिक्षा लिहिलेलीच नाही.

आणखी एक. मंडळापुढे दोषी ठरला तरी पुढे नोकरीला त्याची अपात्रता लागत नाही. सोळावरचा बाल न्यायालयात दोषी ठरला तर ही सवलत जाते. पोरगा पहाटे भरतीसाठी धावत असेल, तर हे वकिलाच्या फीपेक्षा महाग पडू शकतं.

घाई कोणाला करायची नाही. वयाचा मुद्दा कायद्याने कुठल्याही टप्प्यावर काढता येतो. पण माझं विचाराल तर पुढच्या पुकाऱ्याआधी काढा. आधार कार्ड घेऊन जाऊ नका, ते चालत नाही. शाळेचा दाखला आणि जनरल रजिस्टरचा उतारा, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह मूळ घ्या. तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. वय बघतात ते गुन्ह्याच्या दिवसाचं. आमच्याकडच्या निम्म्या पोरांसारखी तुमच्याही पोराची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून टाकली असेल, तर वर्ष तेवढं दोनदा तपासून घ्या.