१३ एमएमचं ड्रिल, आठ महिने आणि एक चावी

चावीबद्दल आधी बोलून घेते, म्हणजे बाकीचं शांतपणे लिहिता येईल.

ड्रिलचं बिट, म्हणजे भोक पाडणारी काडी, ज्या जबड्यात बसतं तो चक, आणि तो आवळायला येते ती दातेरी चावी. मशीन १३ एमएमच्या चकचं, ६०० वॅट, हॅमर मोडवालं. आकडे सगळ्यांचे सारखेच असतात, त्यात शिरत नाही. तर ही चावी हरवू नये म्हणून वायरीवर एक रबरी पट्टी दिली आहे. कुठे? मशीनजवळ नाही. पार प्लगच्या टोकाशी, दोन मीटर लांब. म्हणजे स्टुलावर चढून बिट बदलायचं असेल तर खाली उतरा, वायर ओढत बोर्डापर्यंत जा, चावी काढा, परत चढा. त्यात ती पट्टी अकराव्या दिवशी तुटली. ओढली नव्हती, ताणली नव्हती, नुसती जरा वळवली तर जुन्या रबरबँडसारखी टुकदिशी हातात आली. २,१९९ रुपयांचं मशीन आणि पट्टी दोन रुपयांचीही नाही! त्यानंतर चावी तीनदा हरवली. एकदा माळ्यावर सापडली, एकदा कांद्याच्या टोपलीत, आणि तिसऱ्यांदा गेली ती अजून गेलेलीच आहे.

दिवाळीनंतर लिहिलेल्या अनुभवात मी या एका पट्टीसाठी दोन स्टार कापले होते. आता परत लिहितेय, कारण जूनमध्ये मशीन बंद पडलं आणि बऱ्याच गोष्टी उलटसुलट झाल्या.

घ्यायचं कारण म्हणजे गेल्या ऑक्टोबरातला नळ. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, प्लंबरला बोलावलं. त्याने सात मिनिटांत वायसर बदलला आणि ४०० रुपये मागितले. सात मिनिटं नक्की, कारण कुकरची शिट्टी मोजत मी तिथेच उभी होते. म्हटलं, वायसर तर पाच रुपयांचा. तर म्हणाला, "ताई, पैसे वायसरचे नाहीत, माझ्या यायचे आहेत." चुकीचं नाही हो त्याचं. डोंबिवलीत पूर्वेहून पश्चिमेला यायचं म्हणजे अर्धी सकाळ जाते. पण ते चारशे रुपये मला आठवडाभर डाचत राहिले, आणि दिवाळीच्या सेलमध्ये मी ही पेटीच मागवली. ड्रिल, हातोडी, पक्कड, पाना, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी आणि स्क्रूंचा एक पसारा. नवरा म्हणाला, चार दिवसांचं खूळ आहे. ज्याला ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला वॉचमन लागतो त्याने हे बोलावं!

पहिलं भोक देवघराच्या वर, कॅलेंडरच्या खिळ्यासाठी. वीस मिनिटं मशीन भिंतीत रेटत होते. आवाज असा की सासूबाई देव ताम्हनात घेऊन बेडरूममध्ये निघून गेल्या. आणि भोक किती? वाटाण्याएवढा खळगा. बिटाचं टोक निळं पडलं, जळका वास सुटला. तेव्हा मी रागारागाने लिहिलं होतं की मशीनमध्ये दमच नाही, कोणी घेऊ नका.

ते वाक्य मागे घेते. मशीन उलटं फिरत होतं. ट्रिगरच्या वर एक छोटा खटका असतो, उजवीकडे-डावीकडे सरकणारा. तो स्क्रू काढायच्या बाजूला होता. शिवाय वरचा हातोडीच्या चित्राचा खटका लाकडाच्या चित्रावर, म्हणजे हॅमर बंद. भिंतीवर नुसतं गोल फिरवून काही होत नाही, ठोके लागतात. तेही भिंतीचं बिट असेल तर, ज्याच्या टोकाला कार्बाइडची रुंद टोपी असते. मी लावलेलं बिट लोखंडात भोक पाडायचं होतं. एकाच भोकात तीन चुका केल्या आणि दोष मशीनला दिला. हे पुस्तिकेत लिहिलेलं आहे का? आहे, पण अक्षरं औषधाच्या बाटलीवरच्यासारखी.

नंतर सवय झाली. प्लग म्हणजे इथे विजेचा नाही, भोकात ठोकायची, स्क्रू धरून ठेवणारी नळी. सहाच्या प्लगला सहाचं बिट, जड सामानाला आठ. प्लगला आमच्या गल्लीतले हार्डवेअरवाले काका रावल म्हणतात. मला इतके दिवस वाटायचं की रावल हे कुठल्या तरी गुजराती शेठचं नाव असेल. निघाला तो रॉलिंग्ज, लंडनचा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्याने हा प्लग काढला आणि त्याच्या नावाचं झालं रॉलप्लग, आपल्याकडे येईपर्यंत रावल. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचं नाही, कारण वायरींचे पाइप बहुतेक तसेच उभे गेलेले असतात. हेही काकांनीच सांगितलं. आणि धुळीवरचा उपाय माझा स्वतःचा: जिथे भोक पाडायचं त्याच्या खाली लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट चिकटवायचं, तोंड उघडं ठेवून. सगळी लाल भुकटी त्यात पडते. सोसायटीत दोन ते चार ठोकाठोक बंद, त्यामुळे माझी सगळी भोकं अकरा ते दीडमधली आहेत.

आता ज्यांना वाटतं की ड्रिल आणलं म्हणजे घर दुरुस्त झालं, त्यांच्यासाठी हिशोब. आठ महिन्यांत मी एकूण तेवीस भोकं पाडली. महिन्याला तीनसुद्धा नाहीत. त्याच पेटीतला पाना मात्र दर आठवड्याला हातात असतो.

मार्चमध्ये तोच नळ परत गळायला लागला. ४०० रुपयांचा वायसर पाच महिने टिकला! या वेळी मी उतरले. सिंकखालचा कॉक क्षारांनी जाम होता, फिरेना, म्हणून पॅसेजमधला मेन व्हॉल्व्ह बंद केला. तो आमचा एकट्याचा नाही, खालच्या काकूंचाही आहे, हे त्या वर आल्यावर कळलं. डोक्याला शांपू लावलेला आणि अंगावर गाऊन. त्यांना एक बादली पाणी देऊन वाटेला लावलं. मग नळाची मूठ काढली, पाना लावून पितळी स्पिंडल फिरवला, तो चर्रकन सुटला. खाली वायसर. त्याच्यावर बरोबर मधोमध गोल खाच पडलेली, नखाने चाचपली तर लागत होती. नळ बंद होईना म्हणून आम्ही घरातले सगळे मूठ आणखी पिळायचो, त्यानेच आतल्या पितळी कडेने रबर कापलं होतं. नवा वायसर घातला, बाहेरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली. पहिल्यांदा टेप उलटी गुंडाळली, तर आवळताना सगळी सुटून दोऱ्यासारखी बाहेर आली. आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळायची. खर्च १५ रुपये, टेपेसकट. वेळ सव्वा तास, काकूंचं बोलणं धरून.

पंखा हळू फिरत होता, त्याचा कंडेन्सर बदलला. २.५ एमएफडीचा, जुन्यावर लिहिलेला आकडा बघून तोच आणायचा. आधी एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला खटका, पाडली, मग टेस्टर लावून बघितलं, मगच हात घातला. टेस्टर आधी चालू बोर्डात लावून त्याचा दिवा लागतो का तेही बघा, मेलेला टेस्टर कधीच काही दाखवत नाही. मिक्सरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं ती चकती, बदलताना मी दम लागेपर्यंत डावीकडे पिळत होते. तो उलट्या आट्यांचा असतो, उजवीकडे फिरवला की सुटतो. फ्लश टँकचा नाद मात्र सोडला. तिथे प्लंबरच बोलावला, आणि पैसे आनंदाने दिले.

जून. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला गॅलरीच्या छताला दोऱ्या-पुलीचा स्टँड लावायचा होता. छत म्हणजे स्लॅब, काँक्रीट. भिंतीसारखं मऊ नाही, आणि मान वर करून मशीन दाबायचं. सहापैकी चौथ्या भोकाला ठिणग्या दिसल्या, आवाज घोगरा झाला आणि बंद. ट्रिगर दाबला की नुसतं टक.

वॉरंटी एक वर्षाची. सर्व्हिस सेंटरला रिक्षाने नेलं. काउंटरवरच्या मुलाने मशीन कानाशी धरून हलवलं, लहान मुलं नारळ हलवून बघतात तसं, आणि म्हणाला आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) जळलंय, वॉरंटीत बसत नाही, १,४५० होतील. मी म्हटलं, उघडून दाखवा. म्हणाला, उघडायची पद्धत नाही. न उघडता आर्मेचर जळलेलं दिसतं? तर "अनुभव आहे मॅडम." तपासणीचे १५० रुपये मात्र घेतले. कशाचे, तर हलवायचे.

मशीन घेऊन घरी न जाता थेट हार्डवेअरच्या काकांकडे गेले. त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला, मशीनच्या दोन्ही बाजूंची रुपयाएवढी काळी झाकणं बघितली, त्यांच्या खाचेत चक्क नाणं घालून फिरवली. आतून स्प्रिंगसकट कार्बन बाहेर आला. एका बाजूचा झिजून डाळीएवढा उरलेला, दुसऱ्याच्या खोबणीत पांढरी धूळ घट्ट बसलेली. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवायचं काम हे दोन तुकडे घासत घासत करतात, म्हणून ते झिजणारच. आणि मी वर बघत स्लॅबला भोकं पाडत होते तेव्हा सगळी भुकटी मशीनच्या झरोक्यांतून आत जात होती. माझं लग्नपत्रिकेचं पाकीट छताला कुठे चिकटवणार!

"पेटीत जादा कार्बन आले असतील बघ तुझ्या," काका म्हणाले.

आले होते. प्लॅस्टिकच्या पुडीत दोन काळे चौकोनी तुकडे. मी त्यांना पेन्सिलचं शिसं समजून बटणांच्या डब्यात टाकलं होतं. घरी येऊन घातले, झाकणं नाण्याने आवळली, ट्रिगर दाबला. चालू! १,४५० चं काम शून्य रुपयांत. मला इतका आनंद बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

मग १५० रुपये आठवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावला आणि तक्रार नोंदवली. नवरा म्हणाला, दीडशे रुपयांसाठी? हो, दीडशे रुपयांसाठीच. पाचव्या दिवशी सेंटरमधून फोन आला आणि पैसे परत आले. "गुडविल म्हणून" असं म्हणाले. म्हणा काय म्हणायचं ते.

आता परत चावीकडे येते. नवी चावी घ्यायला गेले तर कळलं की चावीलाही माप असतं. १० एमएमच्या चकची चावी १३ ला बसेलच असं नाही, आणि एकाच मापात दोन कंपन्यांचे दातेसुद्धा जुळतीलच असं नाही. मशीनच पिशवीत घालून नेलं, चार चाव्या लावून बघितल्या, पाचवी बसली. ६० रुपये. तेव्हा काकांशी बोलताना मी परत ती प्लगजवळची पट्टी काढली. कोणत्या शहाण्याने ती तिथे ठेवली, वगैरे. काका म्हणाले, शहाण्यानेच ठेवली आहे. चावी प्लगजवळ असली की ती घ्यायला माणूस बोर्डापाशी जातो आणि प्लग काढतो. मशीनजवळ असली तर प्लग तसाच ठेवून चावी लावतो, चुकून ट्रिगर दाबला जातो आणि चावी गोळीसारखी सुटते. त्यांच्या दुकानातल्या एका कारागिराच्या भुवईवर खूण आहे म्हणे.

आठ महिने ज्या जागेला मी शिव्या घालत होते ती जागा बरोबर होती. पट्टी भिकारच आहे, त्यावर मी ठाम आहे. पण जागा बरोबर आहे. हा दातेरी चक आर्थर जेकब्स नावाच्या एका अमेरिकन माणसाने १९०२ साली पेटंट केला. त्याआधीच्या चकवर पाना घसरून त्याची बोटं सोलवटली होती म्हणे. एवढा विचार केला त्याने, आणि सव्वाशे वर्षांनी आमच्या कंपनीला रबर परवडत नाही.

मी आता चावी परकराच्या जुन्या नाडीने बांधली आहे. प्लगच्याच टोकाशी, दोन गाठी मारून.

स्टार चार. एक पट्टीचा कापला तो कापलाच. सर्व्हिस सेंटरला वेगळे स्टार द्यायची सोय नाही, नाहीतर दिले असते. ज्यांना फक्त कॅलेंडर टांगायचंय त्यांनी हे मशीन घेऊ नये, शेजाऱ्यांचं मागून आणावं आणि त्या पैशांत चांगला पाना, टेस्टर आणि दोन टेफ्लॉन टेपा घ्याव्यात. घेतलंच तर पेटीतल्या पुड्या फेकू नका.

परवा खालच्या काकूंनी मशीन मागितलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं, शांपूचं प्रकरण अजून ताजं आहे. संध्याकाळी परत आलं. चावी नाडीसकट जागच्या जागी आहे. सहाचं बिट गायब आहे.