फुकटच्या सॉफ्टवेअरचं लायसन

सेलूजवळच्या गावात आमचं शूटिंगचं काम. सप्ताहात एकच कीर्तन दोन चॅनलवर लाइव्ह मागतात, एक संस्थानचं आणि एक गावातल्या पोरांचं. गावाकडच्या नेटवरून 4 एमबीपीएसचं एक अपलोड धड गेलं तरी पांडुरंगाची कृपा. म्हणून मधे रिले सर्व्हर, म्हणजे एक स्ट्रीम घेऊन तोच पुढं अनेक ठिकाणी पाठवणारा भाड्याचा कॉम्प्युटर. ओबीएस या लाइव्ह सोडायच्या सॉफ्टवेअरमधून एक स्ट्रीम तिकडं जातो, तिथून दोन्ही चॅनलला.

हे बसवून द्यायचे म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एकानं 14,000 रुपये घेतले, ते सॉफ्टवेअरचं 'वार्षिक लायसन'. सर्व्हरचं भाडं वेगळं. सर्व्हरचा पासवर्ड मागितला तर "दादा, सिक्युरिटीचा प्रश्न असतो."

काल्याच्या आदल्या रात्री त्याचा फोन. दर्शक हजारावर गेलेत, लोड आलाय, 6,000 टाका, नाहीतर सकाळी बंद पडेल. काल्याचं कीर्तन बंद पडलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. टाकले.

लोक बघतात यूट्यूबवर. रिलेला दर्शक दिसतसुद्धा नाहीत! दहा बघोत की दहा हजार, त्याच्यातून बाहेर पडणार दोनच प्रती. 4 एमबीपीएस म्हणजे प्रत्येक चॅनलला तासाला 1.8 जीबी. व्हिडिओ नुसता पुढं ढकलायचा असला तर साधा भाड्याचा सर्व्हरही ते आरामात पेलतो.

तेवढ्यात पुण्याच्या भाच्यानं तिसऱ्याच चॅनलची लिंक पाठवली, "मामा, हे पण तुमचंच का?" कोपऱ्यात आमचाच लोगो, मधे जाहिराती आणि खाली अन्नदानाच्या नावानं भलताच यूपीआय. सर्व्हर बसवणाऱ्याला विचारलं तर साहेब म्हणाले, कुणीतरी यूट्यूबवरून चोरलं असेल. भाच्यानं दोन मोबाइल शेजारी ठेवले. महाराजांचा शब्द त्या चॅनलवर आधी ऐकू यायचा, आमच्यावर नंतर. उचललेलं अस्सलाच्या पुढं कसं पळेल?

संस्थानच्या मंडळींनी दटावल्यावर पासवर्ड मिळाला. आत निघालं एनजिनएक्स हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर आणि लाइव्ह व्हिडिओ घेऊन पुढं पाठवणारं त्याचं आरटीएमपी मॉड्यूल. दोन्ही बीएसडी या खुल्या लायसनवरचे, कुणीही फुकट उतरवून घ्यावेत. कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाईलीत 'पुश'च्या, म्हणजे स्ट्रीम कुठं पाठवायचा ते सांगणाऱ्या, ओळी मात्र तीन, तिसरीत अनोळखी स्ट्रीम की, म्हणजे चॅनलवर लाइव्ह सोडायचा गुप्त कोड.

आता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिलीय. पैसे गेल्या गेल्या लावायला हवा तो नंबर.

तुम्ही असं काम देणार असाल तर सर्व्हर स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यातून घ्या. बसवणाऱ्याला मजुरी जरूर द्या, ती त्याच्या हक्काची. लायसन म्हणाला तर कुणाचं, ते बिलावर लिहून मागा. काम झालं की फाईल उघडायला लावून पुशच्या ओळी मोजा. आणि सप्ताह उठला की यूट्यूब स्टुडिओत जाऊन स्ट्रीम की रीसेट करा. जुनी की त्याच्या फाईलीत तशीच पडून राहते, आणि ती असली की तुमच्याच चॅनलवर तो वाट्टेल ते लाइव्ह सोडू शकतो.