चुनखडीच्या खाणीतला नमुना: आहे तसा ठेवावा की एकच खनिज मोकळं करावं?

चुनखडीच्या किंवा डोलोमाइटच्या (चुनखडीसारख्याच, पण मॅग्नेशियम असलेल्या खडकाच्या) खाणीत सुरुंग उडाला की ढिगात कधीकधी एखादी फुटलेली पोकळी हाती लागते. आत कॅल्साइटचे (चुनखडी ज्याची बनते त्या खनिजाचे) सुळे, त्यांच्यात रुतलेला फ्लोराइट या काचेसारख्या खनिजाचा घन, कडेला पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचे, पिवळे ठिपके. या दगडाचं करायचं काय? मूळ खडकासकट तीन-चार खनिजं एकत्र ठेवायची, की त्यातलं सगळ्यात देखणं मोकळं करून बाकीचं टाकून द्यायचं? दोन्हीकडचे संग्राहक एकमेकांना नावं ठेवतात. माझा कल मिश्र नमुन्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरी काही दगडांच्या बाबतीत मी स्वतः छिन्नी उचलतो.

मिश्र नमुन्यात सगळ्यात मोलाचा असतो तो खनिजांचा क्रम. पाण्याने चुनखडी विरघळून पोकळी होते, आणि पुढे खोलवरून आलेलं गरम, खारं पाणी तिच्या भिंतींवर एकेक खनिज बसवत जातं. भिंग घेऊन पाहिलं तर कोण आधी आलं ते वाचता येतं. पायराइटचे कण कॅल्साइटच्या आत अडकलेले असतील तर ते आधीचे किंवा कॅल्साइट वाढत असतानाचे. नुसते वर शिंपडल्यासारखे बसले असतील तर नंतरचे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्ले सेंटरच्या डोलोमाइट खाणीत तपकिरी फ्लोराइट आणि सेलेस्टाइट (स्ट्रॉन्शियमचं खनिज) एकत्र मिळतात. तो तपकिरी रंग आत अडकलेल्या खनिज तेलासारख्या सेंद्रिय द्रव्याचा. अतिनील दिव्याखाली हेच फ्लोराइट सायीसारखं पांढुरकं चमकतं. घन सुटा केला तरी ही चमक राहते. तो सेलेस्टाइटच्या वर होता की खाली, हे मात्र कायमचं गेलं.

सुट्या स्फटिकाची बाजूही लंगडी नाही. तो हलका असतो, डबीत मावतो, चहूबाजूंनी फिरवून पाहता येतो. प्रकाश आरपार जाऊ देणारा फ्लोराइटचा घन राखाडी खडकाच्या ढेकळात अर्धा गाडलेला असेल, तर तिथे तो वाया जातो, हे मलाही मान्य आहे.

अडचण येते ती मोकळा करताना. खनिजांच्या १ ते १० या मोस मापावर कॅल्साइटची कठिनता ३, फ्लोराइटची ४, आणि दोन्ही ठरावीक सपाट पातळ्यांवर सहज चिरतात. हातोड्याचा घाव बसतो खडकावर, आणि कोपरा उडतो घनाचा. म्हणून बरेचजण आम्लाकडे वळतात. व्हिनेगर किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल कॅल्साइट खाऊन टाकतं. फ्लोराइट, बॅराइट (बेरियमचं खनिज), सेलेस्टाइट त्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. काम सुबक होतं, पण विरघळलेलं कॅल्साइट परत येत नाही. शिवाय दगडात स्फॅलेराइट किंवा गॅलेना (जस्ताचं आणि शिशाचं गंधकयुक्त खनिज) असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाचं नावच काढू नका. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.

मिश्र नमुना साफ करणं हे सगळ्यात नाजूक खनिजाच्या तब्येतीने चालतं. गंजाचे डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल क्वार्ट्झवर छान काम करतं, कॅल्साइटवर मात्र पांढरट, निस्तेज पापुद्रा आणतं. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, त्यामुळे दगड दोन-चार दिवस भिजत ठेवला तर त्याची चकाकी जाते. फ्लोराइटला एकदम गरम पाणी सोसत नाही. अल्ट्रासोनिक यंत्र (ध्वनिलहरींनी पाणी थरथरवून साफ करणारं) यांपैकी कुणालाच लावू नये. उरतं काय, तर कोमट पाणी, मऊ ब्रश आणि चिकाटी. ज्याला वस्तू लखलखीत लागते त्याने सुटा स्फटिकच घ्यावा.

मी छिन्नी उचलतो ती मार्कासाइट दिसल्यावर. रासायनिकदृष्ट्या तो पायराइटच, स्फटिकाची रचना वेगळी: फिकट पितळी रंग, भाल्याच्या टोकासारखे किंवा कोंबड्याच्या तुऱ्यासारखे गुच्छ. दमट हवेत तो कुजतो. आधी गंधकासारखा वास, मग पांढरी-पिवळसर भुकटी, आणि तिच्याबरोबर सल्फ्युरिक आम्ल. हे आम्ल शेजारच्या कॅल्साइटला खातं, त्याचं जिप्सम करतं, खालची चिठ्ठीसुद्धा जाळतं. म्हणजे एकट्या मार्कासाइटपायी अख्खा मिश्र नमुना जातो. तो कडेला असेल तर छाटून वेगळ्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवावा. मधोमध असेल तर अख्खा दगडच कोरड्या बंद डब्यात ठेवायची तयारी हवी, नाहीतर घेऊच नये.

विकत घेताना पारडं थोडं बदलतं. मिश्र नमुन्याला मागणी असते म्हणून सुटे स्फटिक डिंकाने चिकटवूनही विकले जातात. दोन खनिजं जिथे भेटतात ती रेघ भिंगाखाली बघा: नैसर्गिक जोडात एक दुसऱ्याच्या अंगात वाढलेलं किंवा त्याचा ठसा उमटलेला दिसतो. अतिनील दिव्याखाली नेमकी त्या सांध्यापुरती निळसर पांढरी रेघ चमकली तर संशय घ्यावा. सुट्या स्फटिकात ही फसवणूक करायला जागाच कमी.

खुद्द खाणीत मात्र फार विचार करत बसू नये. परवानगी आणि हेल्मेट असल्याशिवाय आत जायचं नाही, उभ्या भिंतीखाली थांबायचं नाही. हे दोन्ही पर्यायांना सारखंच लागू. दगड जरा मोठाच उचला आणि छाटणी घरी करा. जे तुम्ही नेणार नाही ते बहुधा खडी फोडणाऱ्या क्रशरमध्येच जातं.

चिठ्ठीवर खाणीचं नाव, थर आणि तारीख लिहाच. स्फटिक सुटा केला असेल तर तो कशावरून काढला आणि आम्लात टाकला होता का, हेही नोंदवा. जाणता संग्राहक नमुना हातात घेतला की हेच आधी विचारतो.