‘मा रेवा’ पुन्हा ऐकायचंय: जुना अल्बम की आजची मैफल?

अकरावी-बारावीत ‘इंडियन ओशन’ या बँडचं ‘मा रेवा’ हे गाणं कॅसेट रिवाइंड करकरून ऐकलेल्यांपुढे आज दोन पर्याय आहेत. २००० साली आलेल्या ‘कंडिसा’ अल्बममधलं तेच रेकॉर्डिंग लावायचं, की बँड शहरात आला की तिकीट काढायचं? दोन्ही करता येतं, पण आधी काय, याने बराच फरक पडतो.

अल्बमवर चौघं आहेत. सुश्मित सेनची गिटार, असीम चक्रवर्तीचा तबला आणि आवाज, राहुल रामचा बास, अमित किलमचे ड्रम्स. असीम २००९च्या डिसेंबरात गेला, सुश्मितने २०१३ मध्ये बँड सोडला. त्यामुळे कानात बसलेला तो नाद आता फक्त रेकॉर्डिंगमध्येच सापडतो. आणि खरं सांगायचं तर आपण तो तेव्हाही पुरता ऐकलेला नाही. घरच्या टेपरेकॉर्डरवर बास निम्मा गायब असायचा, आणि या गाण्याचा सगळा डोलारा बासवर उभा आहे. हेडफोन चांगले असतील तर ओळखीचं गाणं नवं वाटतं. फोनच्या स्पीकरवर मात्र लावूच नका.

मैफलीत राहुल आणि अमित जुने. हिमांशू जोशी गातो, तबल्यावर तुहीन चक्रवर्ती, गिटारवर निखिल राव. वाजवतात उत्तमच. पण सुश्मितच्या जागा पाठ असलेला माणूस अख्खी संध्याकाळ ‘इथे तो असं वाजवायचा’ करत बसतो, आणि शेजारच्यालाही ऐकू देत नाही!

तरी एका बाबतीत मैफल सरस ठरते. हे मुळात नर्मदाकाठचं लोकगीत. नर्मदा बचाव आंदोलनात काम करताना राहुलला भेटलेलं. ते एकट्याने ऐकण्यापेक्षा घोळक्याने गाण्याचं आहे, हे पब्लिक सूर धरतं तेव्हाच कळतं. नदीचं इतकं मोकळं कौतुक करणाऱ्या या गाण्याचा संबंध सरदार सरोवर धरणाशी, त्यात बुडालेल्या नंदुरबारमधल्या मणिबेली गावाशी आहे, हे तेव्हा आमच्या वर्गात कुणाच्या गावीही नव्हतं. आता ते माहीत असताना शेकडो लोकांत उभं राहून तेच गाणं गाणं जरा जड जातं. जड जावं, असंच मला वाटतं.

असीमला तबला वाजवता वाजवता गाताना बघायचं असेल, तर जयदीप वर्मांचा ‘लीव्हिंग होम’ हा माहितीपट आहे. यूट्यूबवरच्या धूसर क्लिपांपेक्षा तो कितीतरी बरा.

माझं मत विचाराल, तर आधी अल्बम, तोही सलग. मैफल मध्ये काही महिने जाऊ देऊन, आणि शक्यतो जुना अल्बम न ऐकलेल्या भाच्या-पुतण्यांबरोबर. एकच जमणार असेल आणि तुमचा जीव सुश्मितच्या गिटारवर असेल, तर तिकिटाचे पैसे सरळ हेडफोनमध्ये घाला.